जुनी जीप उभी करताना: धातू जपा, रबर बदला

सुप्याच्या बाजूला जुनी गाडी शोधायला फार फिरावं लागत नाही. चौफुला–मोरगाव रस्ता सोडून एखाद्या वस्तीकडे वळलं, की गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उंच बॉनेटची महिंद्रा जीप उभी असते. कधीकाळी तिनं बाजाराला माणसं नेली, वडाप केला, लग्नात नवरदेव मिरवला. नीरा कालव्याच्या बागायती बाजूला गेलात तर जीपच्या जोडीला अँबॅसिडर आणि फियाटही सापडतात.

अशी गाडी पुन्हा चालती करायचं घरात ठरलं, की सल्ला देणारे दोन बाजूंनी येतात. एक म्हणतो, नटबोल्टसुद्धा मूळचाच हवा, नाहीतर गाडीला अर्थ नाही. दुसरा म्हणतो, बोलेरोचं इंजिन बसव, पॉवर स्टिअरिंग लाव, रुंद टायर टाक आणि मोकळा हो. पहिल्याचं ऐकलं तर गाडी शेडमधून बाहेरच निघत नाही. दुसऱ्याचं ऐकलं तर जी बाहेर निघते ती आजोबांची जीप नसते.

यातून वाट काढायला एक साधा नियम उपयोगी पडतो. धातू जपा, रबर बदला. चेसी, बॉडीचा पत्रा, इंजिनचा ब्लॉक, ॲक्सल, डॅशबोर्डवरचे काटे ही गाडीची ओळख. रबर, कापड, पॅकिंग, तेल, ब्रेकचं लायनर आणि टायर हे कारखान्यातून निघाल्या दिवसापासून बदलण्यासाठीच होते. पहिल्या मालकानंही ते अनेकदा बदलले. तिथं आजचं उत्तम सामान वापरण्यात मूळपणा बुडत नाही. या नियमाला अपवाद आहेत. ते पुढे जागोजागी येतील.

आधी ठरवा: गाडी कशासाठी?

हा प्रश्न हौसेचा वाटतो, पण तो कायद्याचाही आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अट अशी, की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्यानं नोंद होणाऱ्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात.

मात्र अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. दर चतुर्थीला घरच्यांना घेऊन मोरगावला जायचं असेल तर हा मार्ग तुमचा नव्हे. तुमच्यासाठी नेहमीची खासगी नोंदणीच बरी. १५ वर्षांनंतर गाडी भंगारातच जाते असा समज गावोगाव आहे, पण खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी ५ वर्षांसाठी पुढे वाढवून मिळते. शुल्क आणि कागद काय लागतील ते बारामतीच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच ४२ वाल्यांकडे, काम सुरू करण्याआधीच विचारून या.

थोडक्यात, प्रदर्शनात उभी राहणारी गाडी आणि दिवे घाट उतरणारी गाडी यांच्या गरजा वेगळ्या. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक शाही दसऱ्याला बाहेर निघते आणि लोक ती पाहायला गर्दी करतात. तिच्या बाबतीत मूळपणाला सगळ्यात जास्त किंमत आहे. तुमच्या जीपमध्ये मागे चार पोरं बसणार असतील, तर पहिला मान ब्रेकचा.

चेसी नंबर, इंजिन नंबर आणि डिझेलचा पेच

खर्चाचा पहिला रुपया टाकण्याआधी चेसीवरचा नंबर तारेच्या ब्रशनं साफ करून वाचा, इंजिनावरचा नंबर वाचा आणि दोन्ही आरसी बुकाशी ताडून बघा. घरातली गाडी असेल तरीही हे करा. विकत घेत असाल तर दुप्पट काळजी घ्या. पंजाब-हरियाणाकडून येणाऱ्या चकचकीत उघड्या जीपांमध्ये भंगारातले सांगाडे जोडून बनवलेल्या गाड्याही असतात. कागद एका गाडीचे आणि लोखंड दुसरीचं असलं, तर पुढचं सगळं काम वाया जातं.

जीपच्या बाबतीत आपल्याकडचा खरा पेच इंजिनाचा आहे. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे उंच बॉनेटचं सीजे-३बी हे मॉडेल परवान्यावर वर्षानुवर्षं बनवलं. त्यातलं हरिकेन इंजिन पेट्रोलवरचं, चार सिलिंडरचं, २,१९९ सीसीचं. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये अशी त्याची आगळी रचना. पेट्रोल महाग होत गेलं, डिझेल स्वस्त राहिलं, तेव्हा शेतकऱ्यांनी या जीपांमधून पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. महिंद्रानं स्वतःही नंतर प्यूजोचं एक्सडीपी डिझेल इंजिन जीपमध्ये दिलं. त्यामुळे शेडमधल्या तुमच्या जीपच्या पोटात आज काय आहे, यावर उत्तर ठरतं.

डिझेल कंपनीनंच बसवलेलं असेल, किंवा नंतर परवानगी घेऊन बसवलेलं असेल आणि आरसीवर तशी नोंद असेल, तर ते काढू नका. घरानं जीप ज्या इंजिनावर चालवली तेही तिच्या इतिहासातलंच आहे. ‘कारखान्याचं मूळ’ म्हणून मिरवू नका, एवढंच. आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल असेल, तर आधी तो घोळ निस्तरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्याआधी परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी हेच बघते. आणि जुनं पेट्रोल इंजिन पोत्याखाली पडलेलं असेल, त्याचा नंबर आरसीशी जुळत असेल, तर तुमचं नशीब चांगलं. लेथवाल्याकडे बोअर करून, जादा मापाचे पिस्टन टाकून ते पुन्हा जिवंत होतं. तीच खरी पुनर्बांधणी.

हात लावण्याआधी वही

१९६४ च्या व्हेनिस सनदेनं जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं घालून दिली. त्याच धर्तीवर ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचं सार आपल्या मिस्त्रीलाही पटेल असं आहे. गरजेपुरताच हात घाला, केलेला बदल उद्या काढता आला पाहिजे, आणि काय केलं ते लिहून ठेवा.

म्हणून गाडी खोलण्याआधी मोबाइलवर प्रत्येक बाजूचे, प्रत्येक जोडाचे, वायरींच्या वळणांचे फोटो काढा. काढलेला प्रत्येक भाग डब्यात घालून त्यावर चिठ्ठी लावा. मिस्त्री ‘हे आता कशाला’ म्हणून जुना कार्बोरेटर भंगारवाल्याला देऊ पाहील, तो अडवा. नवं चालतं असलं तरी जुनं घरात असलं पाहिजे. गाडीची पुढची किंमत अनेकदा याच डब्यावर ठरते.

बोल्टांकडे खास लक्ष द्या. जीपचे बोल्ट इंचातले, फियाटचे मिलिमीटरचे. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे दिसायला ८ मिलिमीटरसारखाच. पण त्याच्या बारीक आट्यांमधलं अंतर साधारण १.०६ मिलिमीटर, आणि नेहमीच्या एम-८ बोल्टचं १.२५. हाताशी आहे म्हणून दुसरा बोल्ट पान्यानं दाबून फिरवला, की ब्लॉकमधली आटी कायमची गेली. गंजत नाही म्हणून स्टेनलेसचे बोल्ट लावायचा मोहही आवरा. बाजारात मिळणारा साधा स्टेनलेस बोल्ट उच्च ताकदीच्या पोलादी बोल्टइतका भार सोसत नाही. नंबर प्लेटला तो चालेल. स्टिअरिंगला आणि पाट्यांच्या यू-क्लॅम्पला चालणार नाही.

आपल्याच उसाचं इथेनॉल

रबर बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण आज पंपावर आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जातं. आपल्या पट्ट्यातल्या साखर कारखानदारीला त्याचा आधार आहे, ते इथं वेगळं सांगायला नको. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचं सामान या मिश्रणाला टिकेल असं बनवलेलं असतं. १९६५ च्या जीपच्या वेळी हा विचार कुणाच्याही मनात नव्हता.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं आणि शेवटी चिरा पाडतं. पेट्रोलचा होज पाइप आतून सुटत जातो, त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात आणि गाडी मध्येच बंद पडते. तो पाइप गरम इंजिनावर गळला, तर बंद पडण्यावर भागत नाही. पेट्रोल पंपाचा जुना पडदा, टाकीच्या काट्याखालचं बुचाचं पॅकिंग यांचीही तीच गत. काही जुन्या गाड्यांत पेट्रोलच्या काट्याला बुचाचा तरंगता गोळा असतो आणि त्यावर लाखेचं लुकण असतं. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे कुठलाही सुतार सांगेल; फ्रेंच पॉलिश त्यावरच चालतं. मग गोळा पेट्रोल पितो, बुडतो आणि भरलेली टाकी काट्यावर रिकामी दिसते.

उपाय महाग नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या दर्जाचे घ्या. व्हायटॉनचं, म्हणजे फ्लोरो-रबराचं, अस्तर असलेला पाइप मागा, आणि पाइपवर छापलेला दर्जा स्वतः वाचा. पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचा संच त्याच दर्जाचा घ्या. बुचाचा गोळा असेल तर पितळी गोळा बसवा. टाकीला आतून पूर्वी कुणी लेप दिला असेल तर तो तपासा. जुने लेप इथेनॉलनं सुटून पापुद्रे धरतात. टाकी आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये आतलं दिसेल असा फिल्टर लावा. यातलं काहीही गाडीचं रूप बदलत नाही आणि उद्या सहज काढता येतं.

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे गाडी थोडी पातळ मिश्रणावर चालते, गरम होते, खेचायला कमी पडते. चांगला मिस्त्री कार्बोरेटरचा मेन जेट किंचित मोठा करून हे सावरतो. जुना जेट डब्यात ठेवा. इथेनॉल पाणीही ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत थोडंसं पेट्रोल सोडू नका. टाकी एकतर रिकामी करा, नाहीतर काठोकाठ भरा. आणि बंद करताना कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू द्या.

आणखी एक बदल फार पूर्वीच झाला. शिसं घातलेलं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला वंगणासारखं जपायचं. ज्या इंजिनांत सीट ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच कोरलेली आहे, तिथं लांब पल्ल्यावर एक्झॉस्ट सीट झिजते. हेड उतरवलंच आहे तर कडक पोलादाच्या सीट बसवून घ्या. धातूला हात लावण्याचा हा रास्त अपवाद. तो बाहेरून दिसत नाही आणि हेड वाचवतो.

तेलाच्या बाबतीत ‘सगळ्यात महाग ते सगळ्यात चांगलं’ हे गणित जुन्या गाडीला लागू नाही. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलात जस्ताचं प्रमाण कमी असतं. जुन्या सपाट टॅपेटला ते जास्त हवं. २०डब्ल्यू-५० चं खनिज तेल पुरेसं आहे. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं तेल घाला, कारण जीएल-५ मधलं गंधक पितळी रिंगांना खातं. डिफरन्शियलला मात्र कंपनीनं सांगितलं असेल तिथं जीएल-५ च लागतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. सुप्याच्या जिरायती भागातलं क्षारांचं पाणी नळ्यांत दगड धरतं. शुद्ध केलेलं पाणी आणि जुन्या पद्धतीचं, तांब्या-पितळेला चालणारं कूलंट वापरा.

ब्रेकला जुनेपणाचं कौतुक नको

जेजुरी–सासवड करत पुण्याला जाताना दिवे घाट उतरावा लागतो. तिथं जुन्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा होते. सीजे-३बी ला चारही चाकांवर ९ इंची ड्रम आणि एकच सर्किट. एक रबरी पाइप फुटला की पेडल थेट फरशीला टेकतं, चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर, आणि तो बहुधा तेलानं भिजलेला.

इथं मूळपणाचा आग्रह सोडा. दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर हा जुन्या गाडीत करायचा सगळ्यात शहाणा बदल आहे. एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते. जुना मास्टर सिलिंडर डब्यात जाईल. पोलादी ब्रेक पाइप गंजले असतील तर तांबं-निकेल मिश्रधातूचे घ्या. ते गंजत नाहीत आणि वाकवायला सोपे. रबरी होज आणि व्हील सिलिंडरची वॉशरं डोळे झाकून नवीन टाका. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाचं कोरडं तेल २३० अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर १५५ अंशांपर्यंत खाली येतं. घाट उतरताना ड्रम तापून तेल उकळलं, की पेडल मऊ पडतं. सिलिकॉनचं डॉट ५ तेल जुन्या तेलात मिसळू नका.

जुन्या लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि काही पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षांनंतर कर्करोग करते. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवायची आपल्याकडची पद्धत घातक आहे. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका आणि नवं लायनर ॲस्बेस्टॉसविरहित घ्या. इथं मूळ सामान सापडलं तरी वापरू नये.

टायरची गोष्ट गावाकडची आहे. जीपचा मूळ आकार ६.००-१६ आणि अनेक ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरचाही तोच. म्हणून ट्रॅक्टरचे टायर जीपला चढवलेले दिसतात. आकार जुळला तरी काम जुळत नाही. ते टायर शेतातल्या संथ चालीसाठी बनवलेले; डांबरी रस्त्यावर वेगात ते तापतात आणि वळणावर पकड सोडतात. मूळ पद्धतीचा क्रॉस-प्लाय किंवा त्याच मापाचा गाडीचाच टायर घ्या. रेडियल घातले तर चारही रेडियलच हवेत. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, त्यात पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. जाळी भरपूर असली तरी दहा वर्षांपुढचा टायर काढून टाका.

वायरिंग: जुनं वेष्टण, नवी तार

जुन्या गाडीला आग लागते ती बहुतेकदा वायरिंगनं. कापडाचं वेष्टण उंदरांनी कुरतडलेलं, रबर वाळून गळालेलं, आणि मध्ये कुणीतरी चिकटपट्टीनं जोडलेल्या पाच रंगांच्या तारा. अशा वायरिंगला ‘मूळ’ म्हणून जपण्यात हशील नाही. नव्या तारेवर जुन्या नक्षीचं सुती वेष्टण चढवून पूर्ण संच बनवून मिळतो. दिसायला १९६०, आतून आजची तार. सहा व्होल्टची गाडी असेल तर तार जाड हवी, कारण कमी दाबावर तेवढ्याच शक्तीला दुप्पट करंट लागतो.

मूळ गाड्यांना फ्यूज मोजकेच. एक छोटा फ्यूजचा डबा डॅशखाली, नजरेआड बसवा. हेडलाइटला रिले लावा, म्हणजे जुन्या स्विचमधून कमी करंट जाईल आणि प्रकाशही वाढेल. डायनामो काढून अल्टरनेटर बसवायचा का? प्रदर्शनाची गाडी असेल तर नको. रात्री चालवायची असेल तर बसवा. आधी बॅटरीचं कोणतं टोक चेसीला जोडलंय ते बघा, अल्टरनेटरला उणं टोक चेसीला लागतं.

हा उजेडाचा आग्रह आपल्या भागात विशेष आहे. गळीत हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे धड दिवा नसतो, आणि मयूरेश्वर अभयारण्याच्या बाजूला रात्री चिंकारा रस्ता ओलांडतात. मूळ पिवळट दिव्यांत दोन्ही उशिरा दिसतात. मागच्या बाजूला रिफ्लेक्टर लावा. एका स्क्रूवर बसतो आणि सावकाश चालणाऱ्या जीपला मागून येणाऱ्यापासून वाचवतो.

पत्रा आणि रंग: घाई इथंच नडते

कोकणात गाडी पाच पावसाळ्यांत कुजते. सुपे पर्जन्यछायेतलं, इथला पत्रा बऱ्यापैकी शाबूत राहतो. हा मोठा ठेवा आहे. चुंबक घेऊन गाडीभोवती फिरा. जिथं तो चिकटत नाही, तिथं पत्र्याऐवजी टिंकरनं थापलेली लांबी आहे. गंजलेला तुकडा कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्डिंगनं लावणं हा खरा इलाज. त्यावर लांबीचा पातळ हात चालतो. बोटभर जाड थर चालत नाही, तो ऊन-थंडीनं सुटतो आणि आत गंज लपवतो. आतल्या बाजूनं इपॉक्सी प्रायमर आणि पोकळीत मेणाचं संरक्षण द्या. हे मूळ नसलं तरी नजरेआड राहतं आणि मूळ पत्रा जपतं. फायबरचं बॉनेट स्वस्त आणि हलकं मिळतं. तात्पुरतं लावा, पण मूळ बॉनेट विकू नका.

मूळ रंग शोधायचा तर डॅशबोर्डच्या मागे, बिजागरीखाली, सीटखाली पाहा. तिथं उन्हाची पोच नसते. एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात पाण्याचा पॉलिश पेपर घासत गेलात तर एकाखाली एक थर दिसतात. खाली लष्करी हिरवा निघाला तर गाडी लष्कराच्या लिलावातली असण्याची शक्यता आहे, आणि मग तो हिरवा ठेवण्यातच मजा.

मूळ चमक ड्यूकोची किंवा साध्या एनॅमलची असते, मऊ आणि थोडी मंद. आजचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग कडक, काचेसारखा चमकतो आणि ऊन जास्त सोसतो. प्रदर्शनात परीक्षक ही चमक लगेच ओळखतात. रस्त्यावर चालवायची असेल तर तो रंग घ्यायला हरकत नाही, फक्त मूळ छटेत आणि फार चकाकी न आणता. या रंगातल्या आयसोसायनेटनं रंगाऱ्याला कायमचा दमा लागू शकतो आणि साध्या कापडी मास्कनं काही अडत नाही. ज्याच्याकडे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आहे, त्यालाच हे काम द्या.

सगळ्यात अवघड सल्ला असा, की मूळ रंग तीन चतुर्थांश शाबूत असेल तर तो खरवडू नका. धुवा, पॉलिश करा, मेण लावा. नवा रंग कधीही देता येतो. कारखान्यातला रंग एकदा गेला की पुन्हा येत नाही. सीट आणि हूडचंही तसंच. जुनं रेक्झिन फाटलं असेल तर आत काथ्याऐवजी फोम चालेल, पण वरची शिवण आणि पट्ट्या जुन्या धाटणीच्याच ठेवा. हूडला सुती कॅनव्हास घ्या. प्लॅस्टिकचं हूड उन्हात आक्रसतं आणि जीपचा चेहराच बदलतं.

कुठे ठेवाल, कुठे शोधाल

गाडी गोठ्यात ठेवू नका. जनावरांच्या मुतातला अमोनिया पितळेला चिरा पाडतो, रेडिएटर आणि कार्बोरेटर त्यात जातात. युरियाच्या पोत्यांशेजारीही नको. प्लॅस्टिकची ताडपत्री थेट गाडीवर टाकली की खाली दमट हवा कोंडते. सुती चादर टाका आणि वर छप्पर असू द्या.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात मिळतात, मुंबईत चोरबाजारात. जाताना काढलेला भाग सोबत न्या. ‘जीपचा’ एवढं सांगून भागत नाही. मूळ भाग दुरुस्त होण्यासारखा असेल तर नव्या नकलेपेक्षा दुरुस्त मूळ बरा, कारण नकलेचा धातू बहुधा पातळ असतो. आणि जुन्या वाहनांची बांधणी कशी असते ते जवळून पाहायचं असेल, तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक दिवस घालवा. तिथली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी पाहिली की जुन्या पत्र्याकडे बघायची नजर बदलते.

पैसे मोजकेच असतात, म्हणून कामाचा क्रम पक्का ठेवा. आधी कागद, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग पेट्रोलचे पाइप, मग वायरिंग आणि टायर, मग इंजिन, मग पत्रा, आणि सगळ्यात शेवटी रंग. बहुतेक जण रंगापासून सुरू करतात आणि ब्रेकला पैसे उरत नाहीत. तसं करू नका. काय बदललं, काय मूळ आहे आणि जुना भाग कोणत्या डब्यात आहे, ही वही गाडीच्या कागदांसोबत ठेवा. पुढे गाडी मुलाच्या हाती गेली किंवा विकली गेली, तर वहीही सोबत द्या.